द्राक्षाचा घड आणि जगाचे नियम

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य म्हणजे दूरदेशीच्या परिषदांतील ठराव, असे पुष्कळांस वाटते. परंतु निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांपर्यंत ते केव्हाच येऊन पोहोचले आहे. अन्नात औषधाचा किती अंश चालावा, याचा विचार करणारा आयोग संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उभा केला. त्याची पहिली बैठक १९६३ साली भरली. युरोपाने पुढे आपल्या स्वतंत्र मर्यादा घातल्या. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश तेथे सापडला आणि माल अडला. ते रसायन आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते! बागायतदारांस याचा जबर फटका बसला. दोन देशांच्या याद्या जुळणे किती अगत्याचे असते, हे यावरून ध्यानी येईल.

आज निर्यातीच्या बागेची नोंद होते, तोडणीपूर्वी नमुने प्रयोगशाळेत जातात. हे चांगलेच झाले. परंतु ही परीक्षा फळाची. फवारणीच्या धुक्यात राबणाऱ्या मजुराची नव्हे. गावच्या बाजारात येणारा प्रत्येक घडही असा तपासला जात नाही. रॉटरडॅमच्या ग्राहकास मिळणारे संरक्षण पिंपळगावच्या मजुरास आणि पंचवटीतील मुलासही मिळेल, तेव्हाच मानवी हक्क हा शब्द सार्थ होईल.