मिटलेल्या बिजागरीची झीज

हलक्या विमानाच्या इंजिनाभोवती पातळ ॲल्युमिनियमचे किंवा फायबरग्लासचे जे आवरण असते त्यास काउलिंग म्हणतात. वाऱ्याचा विरोध कमी करणे आणि थंड हवा सिलिंडरांभोवती नेमक्या वाटेने खेळवणे ही त्याची मुख्य कामे होत. तेल, प्लग व नळ्या तपासण्यासाठी हे आवरण वारंवार उघडावे लागत असल्यामुळे त्याचे भाग पुष्कळदा सलग, लांब अशा पियानो बिजागरीने जोडलेले असतात. या बिजागरीच्या दोन पट्ट्यांच्या कडांवर आळीपाळीने बारीक नळ्या असतात. त्या एकमेकींत गुंतवून सर्वांमधून एकच पिन ओवली, की जोड पुरा होतो. पायपर कंपनीच्या सुपर कब विमानात काउलिंगच्या बाजूच्या झडपा अशा बिजागरीवर उघडतात, तर अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या संचांतून हौशी बांधणारे जी आरव्ही विमाने तयार करतात, त्यांपैकी अनेकांत काउलिंगचे वरचे व खालचे अर्धे भाग याच बिजागरीने जोडलेले असून पिन ओढून काढली की ते सुटे होतात.

बिजागरी उघडझाप करून झिजते, हा समज स्वाभाविक असला तरी येथे तो चुकीचा ठरतो. उघडझाप उड्डाणामागे एकदोनदा होते. खरी झीज होते ती झडप घट्ट मिटलेली असताना, हवेत. सुपर कबमध्ये बसणारे लायकमिंग ओ-३२० हे चार सिलिंडरांचे, चार टप्प्यांच्या चक्राचे इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी चालत असेल, तर दर फेरीत दोन स्फोट या हिशेबाने सेकंदाला ८० धक्के बसतात, आणि दोन पात्यांच्या पंख्याने मागे फेकलेल्या हवेचे ठोकेही तितकेच, सेकंदाला ८० वेळा, काउलिंगवर आदळतात. म्हणजे तासाला २,८८,००० आणि शंभर तासांत २ कोटी ८८ लाख हेलकावे होतात. प्रत्येक हेलकाव्यात पिन नळीच्या आत केसभरच सरकते, परंतु ती सरकण्याची वाट तीच ती असते.

या सूक्ष्म घासणीने ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पातळ थर खरवडला जातो आणि उघडी पडलेली धातू लगेच पुन्हा ऑक्साइड बनते. हे ऑक्साइड स्वतः ॲल्युमिनियमपेक्षा, किंबहुना पोलादापेक्षाही कठीण असल्यामुळे त्याची भुकटी नळीच्या मऊ भिंतीत रुतून बसते आणि कानशीसारखी पिनेवर चालते; म्हणूनच कठीण पोलादी पिनसुद्धा ठरावीक अंतरांवर खाचा पडून बाहेर येते. नळीचे गोल भोक हळूहळू लंबगोल होते, जागा वाढली की घासण्याऐवजी आपटणे सुरू होते, आणि मग झीज वाढत्या वेगाने पुढे जाते. समुद्रालगतच्या विमानतळांवर, मुंबईत जुहू येथे जशी हवा असते तशा हवेत, पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओल शिरून गंजाचीही भर पडते.

अनुभवी मेकॅनिकची तपासणी पिन काढण्याआधीच सुरू होते. बिजागरीच्या खाली मागच्या दिशेने ओघळलेले काळे डाग म्हणजे हीच भुकटी तेलाच्या वाफेत मिसळून बाहेर आलेली असते. ते पुसून टाकण्यापूर्वी कोणत्या नळ्यांपासून निघाले आहेत हे पाहणे फार मोलाचे असते, कारण हालचाल कोठे आहे हे तेच सांगतात. त्यानंतर मिटलेली झडप तळहाताने दाबून खटका जाणवतो का ते पाहतात, आणि शेवटी पिन काढून प्रत्येक नळीच्या मुळाशी, जेथे ती पट्टीतून वळते तेथे, भिंगाने तडा शोधतात. आरव्हीमध्ये काउलिंगच्या तळाशी, हवा बाहेर पडण्याच्या तोंडाजवळच्या नळ्या प्रथम तुटतात, ही त्या विमानांच्या मालकांना चांगली परिचित असलेली गोष्ट आहे.

नुसती पिन बदलणे हा उपाय भोके अजून गोल असतील तरच खरा. भोके वाढवून जाड पिन घालण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. पण त्यामुळे नळीची आधीच पातळ असलेली भिंत आणखी पातळ होते, म्हणून तिला तात्पुरती सोय याहून अधिक मान देऊ नये. झिजलेल्या पट्टीशी नवी पट्टी जोडणे तर त्याहून वाईट, कारण नवीचे आयुष्य जुनी ठरवते. दोन्ही पट्ट्या बदलताना रिव्हेटच्या डोक्यात मधोमध छिद्र पाडून डोके उडवतात आणि मागे जड टेकू धरून दांडा हलकेच ठोकून काढतात, जेणेकरून पत्र्यातले भोक मोठे होऊ नये. नवी बिजागरी क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या चिमट्यांनी बसवून, पिन ओवून, झडप प्रत्यक्ष मिटवून पाहिल्याशिवाय एकही रिव्हेट ठोकू नये. रिव्हेट ठोकताना फुगतो आणि पट्टीला किंचित ताणतो. एका टोकापासून ओळीने ठोकत गेल्यास ती धनुष्याकार होण्याची भीती असते, म्हणून मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना आळीपाळीने जावे आणि दर काही रिव्हेटांनंतर पिन हाताने सरकते का ते पाहावे. जी पिन पक्कडीने ओढावी लागते, ती वाकड्या बसलेल्या बिजागरीची साक्ष देते. अमेरिकी नियमांच्या भाग ४३ मध्ये वैमानिक-मालकाला काउलिंगवरील लहान, साध्या दुरुस्त्या करण्याची मुभा आहे. मात्र रिव्हेटची ही कामे तिच्यात बसतात का, हे परवानाधारक मेकॅनिकला आधी विचारणेच योग्य.

प्रतिबंधाचा सारा भर हालचाल थांबवण्यावर हवा. इंजिन रबरी आधारांवर झुलत असते, तर त्यामागची फायरवॉल ही आगरोधक भिंत स्थिर असते. हे रबर वर्षानुवर्षांच्या भाराने बसले की इंजिनाचे नाक खाली येते आणि काउलिंग वाकड्या ताणात राहते, मग बिजागरी कितीदाही बदलली तरी ती झिजतच जाते. काउलिंग जेथे फायरवॉलवर टेकते तेथील मऊ पट्टी दबून गेली असल्यास बदलावी, झडप मिटवून ठेवणारे खटके घट्ट करावेत, आणि पंख्याचा तोल यंत्रावर तपासून घ्यावा. पिनेचे टोक एका पट्टीशी पक्के बांधल्यास ती स्वतःहून सरकून पंख्याकडे निघण्याचा धोका टळतो. वंगणाचा विचार करताना साधे तेल धूळ धरून ठेवते आणि ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंजवते, म्हणून कोरडा थर देणारे वंगण बरे. उघडी झडप वाऱ्यात बिजागरीच्या भरवशावर लोंबकळत ठेवण्याची सवयही सोडायला हवी. आरव्हीच्या तळाशी तर अनेक मालक बिजागरी काढून तेथे स्क्रू व बसवलेल्या नटांची पट्टी लावतात. काउलिंग काढायला थोडा वेळ अधिक लागतो, परंतु त्या जागी तो सौदा नक्कीच फायद्याचा आहे.

दुरुस्तीनंतर पहिल्या काही तासांच्या उड्डाणानंतर बिजागरी पुन्हा उघडून पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडक्यावर काळे आले, तर ते कोणत्या नळीजवळ आले यावरून शिल्लक राहिलेली हालचाल शोधता येते.