शेवटची सकाळ तुमचीही!

मैत्रिणींनो, गोव्याची किंवा लक्षद्वीपची क्रूझ करून आलेल्या एखाद्या कळंबोलीकर शेजारणीला विचारून बघा, "परतताना बोटीवरून मुंबई पाहिलीस का गं?" उत्तर बहुधा ठरलेलं, "कुठली बाई! मी बॅगा आवरत होते!"

तुमचं असं होऊ द्यायचं नसेल, तर आदल्या दिवशीच थोडी तयारी करा. बहुतेक बोटींवर मोठ्या बॅगा रात्रीच केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या धक्क्यावर उतरल्यावर मिळतात. म्हणून सकाळचे कपडे, चपला, औषधं, ओळखपत्रं हातपिशवीत आधीच काढा. पोहण्याचे ओले कपडे वेगळ्या पिशवीत घाला. खर्चाचा हिशेब यजमानांनी रात्रीच तपासून घ्यावा. सकाळी रांग असते. आणि ज्याची बॅग त्याने भरावी. दहा वर्षांच्या मुलालाही ते जमतं!

मग सकाळी चहाचा कप घेऊन खुशाल डेकवर या. कुलाब्याच्या टोकाशी १८७५ सालचं प्रॉंग्ज दीपगृह दिसेल, पुढे गेटवे.

उतरल्यावर जमीन डोलल्यासारखी वाटली तर घाबरू नका. शरीराला लाटांची सवय झालेली असते. एकदोन दिवसांत बहुधा बरं वाटतं. जास्त दिवस राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

२०२४ साली अटल सेतू झाल्यापासून बॅलार्ड पिअरहून कळंबोली जवळ आली आहे. निघण्यापूर्वीच खिचडीचे डाळ-तांदूळ डब्यात काढून ठेवा. कुकर मात्र त्या दिवशी दुसऱ्या कुणी लावू दे. सुट्टी तुमचीही होती ना?