भोर-वेल्ह्याचे पदवीधर आणि व्यवस्थापनशास्त्राचा प्रवेश : यंदा की पुढील वर्षी?

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुके. यांपैकी वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. नीरा, वेळवंडी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांतील ही गावे मुख्यत्वे भातशेतीवर जगतात. शेती तुटपुंजी असल्याने घरातील पदवीधर मुलगा किंवा मुलगी पुणे, खेड शिवापूर किंवा नीरेपलीकडील शिरवळ येथे नोकरीच्या शोधात निघते. त्यांपैकी काही जण एमबीए, म्हणजे व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीकडे वळतात. प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो, गुण बेताचेच पडतात आणि घरात एकच प्रश्न उभा राहतो : यंदाच अर्ज करावा, की एक वर्ष थांबावे?

हा प्रश्न बहुधा शाळेतील गुरुजींकडे किंवा गावच्या सरपंचांकडे येतो. सल्ला देण्यापूर्वी निकालपत्रातील आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्यावर असते ते पर्सेंटाइल. शेकडा गुण नव्हेत. ६० पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षार्थींपैकी सुमारे ६० टक्के या उमेदवाराच्या बरोबरीने किंवा त्याच्या मागे आहेत, एवढाच. हा आकडा पाहून 'पहिला वर्ग मिळाला' म्हणून पेढे वाटले गेल्यास नवल नाही. पण त्यावरून प्रवेशाचा अंदाज बांधू नये. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत खुल्या प्रवर्गातील प्रवेश ९९ पर्सेंटाइलच्या वर होतात.

परंतु याच आकड्यात दिलासाही दडलेला आहे. बहुसंख्य उमेदवारांचे गुण मधल्या पट्ट्यात दाटीने असतात. त्यामुळे त्या पट्ट्यात मोजकीच उत्तरे अधिक बरोबर आली, तरी पर्सेंटाइल झपाट्याने वर जाते. शिखरावरच्या उमेदवारास मात्र अर्ध्या अंकासाठीही बरेच झगडावे लागते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमबीए परीक्षेत २०० प्रश्न १५० मिनिटांत सोडवावयाचे असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. अशा परीक्षेत वेळेअभावी तीस-चाळीस प्रश्न कोरे सोडून आलेल्या उमेदवाराला दुसऱ्या प्रयत्नात गुण वाढविण्यास निश्चित वाव असतो. सर्व प्रश्न सोडवूनही मागे पडलेल्याची गोष्ट निराळी. त्याला गणित व तर्काचा पाया नव्याने घालावा लागेल आणि त्यास वेळ लागतो. थांबावे की नाही, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते. शिवाय, ही परीक्षा २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशापासून दोनदा घेऊन त्यांतील अधिक गुण ग्राह्य धरण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. अशा व्यवस्थेत दुसऱ्या प्रयत्नाकरिता सबंध वर्ष दवडण्याचे कारण उरत नाही.

अनुभव कोठे मोजला जातो?

'एक वर्ष नोकरी कर, अनुभव मिळव, मग अर्ज कर' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता यादी लागते ती प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. शिरवळच्या कारखान्यात केलेल्या दोन वर्षांच्या नोकरीने त्या यादीतील क्रमांक एकानेही वर सरकत नाही. अनुभवाचा उपयोग पुढे, अभ्यासक्रम संपल्यानंतर नोकरी मिळविताना होतो.

भारतीय व्यवस्थापन संस्थांची (आयआयएम) रीत वेगळी आहे. त्यांची कॅट परीक्षा वर्षातून एकदा, साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि तिचे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच चालतात. त्यानंतर मुलाखत होते. दहावी-बारावीचे व पदवीचे गुण पाहिले जातात आणि अनेक संस्थांत कामाच्या अनुभवासही गुण असतात. परदेशी विद्यापीठांकरिता देण्यात येणाऱ्या जीमॅट परीक्षेचे गुण तर पाच वर्षे ग्राह्य राहतात. तेथे परीक्षा आधी देऊन अर्ज सवडीने करणे शहाणपणाचे ठरते. पुण्याच्या वैकुंठभाई मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे आणि तेथेही मुलाखत होते. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ विकणाऱ्या शेतकरी गटाचा हिशेब वर्षभर सांभाळलेल्या तरुणास अशा मुलाखतीत स्वतःचे असे सांगण्यासारखे काही असते.

तेव्हा थांबावयाचे तर ज्या दारासाठी थांबावयाचे तेथे काय मोजले जाते, ते आधी पाहावे. नुसते घरी बसून काढलेले वर्ष कोठेच मोजले जात नाही.

कागदपत्रे आणि शुल्क

या तालुक्यांत 'यंदा की पुढील वर्षी' याचा निर्णय कधी कधी उमेदवार घेतच नाही. तो कागदपत्रांच्या अभावी आपोआप होऊन जातो. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडी होते, तर प्रवेशाच्या फेऱ्या सर्वसाधारणपणे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे ऐन भातलावणीत येतात. घरची सारी माणसे चिखलात असताना उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांसाठी धावपळ सुरू होते. जात वैधता प्रमाणपत्रास तर याहून अधिक अवधी लागतो. ते मुदतीत सादर न झाल्यास राखीव प्रवर्गाचा लाभ हुकतो आणि बेताच्या गुणांना जो आधार होता तोच निसटतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही प्रवेश परीक्षेस बसता येते. त्यामुळे हे दाखले पदवीच्या शेवटच्या वर्षीच, दिवाळीपूर्वी मागविण्यास ग्रामसेवक व शिक्षकांनी सांगितले, तर या अडचणीतून बऱ्याच अंशी सुटका होईल.

शुल्काचा विचारही याच वेळी करावा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत २०२४-२५ पासून देण्यात आली. संस्थास्तरावरील व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास हे लाभ मिळत नाहीत. गुण कमी म्हणून घाईघाईने कर्ज काढून अशी जागा घेण्यापेक्षा, केंद्रीभूत फेरीत मिळणारी साधी पण मान्यताप्राप्त संस्था पत्करणे किंवा तयारी करून पुन्हा परीक्षा देणे कितीतरी बरे.

पसंतीक्रम भरतानाही सावधगिरी हवी. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची संस्था मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक असते. म्हणून वसतिगृह, भोरहून एस.टी.ने येण्याजाण्याची सोय आणि तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मिळालेल्या नोकऱ्या यांची चौकशी अर्ज भरण्याच्या आधीच पूर्ण झालेली असावी.