कौले उतरवण्याआधी कॅमेरा बसवा

कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत जुन्या कौलारू मशिदींच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या मशिदी उभ्या राहत आहेत. पैसा मुंबईतून येतो, आखातातून येतो, काही गावांना केपटाऊन आणि इंग्लंडमधल्या नातलगांकडूनही येतो. देणगी पाठवणाऱ्याला काम कुठवर आले ते पाहावेसे वाटते. अमानतीचा हिशोब कागदाबरोबर डोळ्यांनाही दाखवता आला तर जमातीलाही ते हवेच असते. म्हणून बांधकामाच्या बैठकीत हल्ली टाइम-लॅप्सचा विषय निघतो: एकाच जागेवरून ठरावीक अंतराने फोटो काढत राहायचे, ते जोडायचे आणि दोन वर्षांचे काम काही मिनिटांत पाहायचे.

मग बैठकीतला एखादा हौशी तरुण विचारतो, ‘किती मेगापिक्सेलचा घ्यायचा?’ आमच्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटचा. दोन वर्षे उघड्यावर राहणारा कॅमेरा चित्राच्या दर्जात सहसा कमी पडत नाही. तो बंद पडतो वीज संपल्याने, पेटीत ओल शिरल्याने, कार्ड भरल्याने, किंवा कोणी पाहायलाच न गेल्याने.

याचा मोठा दाखला बर्फाच्या प्रदेशातला आहे. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ साली ग्रीनलँड, आइसलँड आणि अलास्कातल्या हिमनद्यांवर असे कॅमेरे रोवले. कॅमेरे बाजारात मिळणारे निकॉन डी-२०० होते; सौर पॅनल, बॅटरी, पेटी आणि टायमर यांची जुळणी मात्र खास करावी लागली. सुरुवातीला दगा दिला तो टायमरच्या यंत्रणेने. २०१२ साली आलेल्या ‘चेसिंग आइस’ या माहितीपटात ती निराशाही दिसते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा आहे. आधी साधा हिशोब करू. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसाला २१ फोटो. दोन वर्षांत १५,३३०. सेकंदाला २५ फोटो धरले तर सुमारे १० मिनिटांची चित्रफीत. एक फोटो ८ एमबीचा धरला तर १२३ जीबी जागा. ‘दर पाच मिनिटांनी काढू’ असा उत्साह दाखवलात तर फोटो ८८ हजारांवर जातात. साध्या डीएसएलआरच्या शटरचे आयुष्य साधारण एक लाख फोटोंचे मानतात. एका मशिदीतच कॅमेरा म्हातारा होईल. स्लॅब टाकायच्या दिवशी अंतर कमी करावे, एरवी अर्धा तास पुष्कळ.

आता पर्याय. सीसीटीव्ही कॅमेरा स्वस्त, आणि दुबईत बसून रोज पाहता येतो. पण त्याला अखंड वीज आणि इंटरनेट लागते, आणि त्याचे चित्र दाबून लहान केलेले असते. घरातला जुना मोबाइल उन्हात पेटीत कोंडू नये, बॅटरी फुगते. ब्रिनोसारखा तयार टाइम-लॅप्स कॅमेरा साध्या पेन्सिल सेलवर बराच काळ चालतो, मात्र बऱ्याच मॉडेलांत थेट चित्रफीत बनते, सुटे फोटो हाती राहत नाहीत. जंगलात प्राण्यांसाठी लावतात तो ट्रेल कॅमेरा पावसाला टिकतो आणि त्यात टाइम-लॅप्सची सोय बहुधा असते. हालचालीवर फोटो काढण्याची सोय तेवढी बंद करावी, नाहीतर गावातल्या कोंबड्यांचेच फोटो जमतील.

चांगला छापील फोटोही हवा असेल तर डीएसएलआर, ठरावीक अंतराने फोटो काढणारा टायमर, घट्ट झाकणाची पेटी, यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि सौर पॅनल अशी जुळणी करावी. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून. बॅटरी मात्र उन्हाळ्याच्या नव्हे, सूर्य न दिसणाऱ्या जुलैच्या आठवड्याच्या हिशोबाने घ्यावी. फोकस हाताने लावून त्यावर चिकटपट्टी मारावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, काचेवर पुढे आलेले छोटे छप्पर. मातीचे घर बांधणाऱ्या गांधीलमाश्या आणि कोळी यांना कॅमेऱ्याची काच फार आवडते, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा शिडी चढावीच लागते.

जागा निवडताना किब्ला मदतीला येतो. आपला किब्ला साधारण पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे. म्हणून मशिदीचा दर्शनी भाग बहुधा पूर्वेला. समोरून, म्हणजे पूर्वेकडून कॅमेरा लावला तर दुपारनंतर ऊन थेट डोळ्यात आणि नैऋत्येचा पाऊसही बराचसा तोंडावर. आग्नेय कोपऱ्यातून वायव्येकडे पाहिले तर दर्शनी भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतात, पाऊस बाजूने जातो, आणि वर्षातला बहुतेक काळ सूर्य काचेत शिरत नाही.

पण त्या कोपऱ्यावर उंच खांब रोवण्याआधी तिथून आणखी काय दिसते ते पाहा. शेजारच्या घराची पडवी, मागचे अंगण, वाळत घातलेले कपडे, विहिरीवर जाणाऱ्या बायका. परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये असा हुकूम सूरह नूरमध्ये आहे, आणि दोन वर्षे उघडी राहणारी नजर पावलापेक्षा लहान नसते. सौदा करताना विश्वस्तांनी दुकानदाराला हेच आधी विचारावे, की अरुंद कोनाची लेन्स मिळेल का, चित्राचा एखादा भाग कायमचा काळा करता येईल का. ते जमत नसेल तर पेटीच्या काचेवर आतून काळा कागद चिकटवावा. मग शेजारच्या भाभींना बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवावे. त्यांनी मान हलवली नाही तर खांब हलवावा. सजीवांच्या छायाचित्राबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत, म्हणून इमामसाहेबांशीही खर्च करण्याआधीच बोलावे. कामगारांना कॅमेरा कशासाठी आहे ते सांगावे. त्यांच्या विश्रांतीवर पहारा ठेवायला तो नाही.

आणि तो बसवायचा कधी? बहुतेक ठिकाणी पाया खोदताना आठवण होते. आमचा आग्रह आहे की जुनी मशीद उभी असतानाच, निदान महिनाभर आधी बसवावा. सागवानी खांब, उतरती कौले, वजूचा हौज, पावसात ठिबकणारी पागोळी, हे सारे पाडकामाच्या दोन-चार दिवसांत नाहीसे होते. ज्यांच्या आजोबांनी त्या हौजावर वजू केला, त्यांतले कितीतरी आज परदेशात आहेत आणि त्यांच्याकडे त्या मशिदीचा एकही फोटो नाही. नव्या मिनाराचे फोटो पुढे कोणीही काढील.

कार्ड दर महिन्याला बदलायचे ठरवा, आणि त्या कामाला एका माणसाचे नाव ठरावात लिहा. कॅमेऱ्याचे घड्याळही त्याच वेळी तपासा. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख मागे जाते आणि क्रम बिघडतो. फोटोंची एक प्रत जमातीच्या कपाटात, दुसरी गावाबाहेर मुंबईत कोणाकडे तरी असू द्या.