ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह

ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह हा दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात पाळला जाणारा आंतरपंथीय उपासनेचा सप्ताह होय. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व विविध प्रॉटेस्टंट पंथांचे लोक या काळात एकत्र जमून पवित्र शास्त्रातील ठरावीक उताऱ्यांवर चिंतन करतात आणि ख्रिस्ती लोकांतील फूट मिटावी म्हणून प्रार्थना करतात. त्याला योहानकृत शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायाचा आधार आहे. अटक होण्यापूर्वी येशूने आपल्या अनुयायांच्या एकीसाठी केलेली प्रार्थना तेथे आली आहे. मोजू गेल्यास या सप्ताहाचे दिवस आठ भरतात. पण हरिनाम सप्ताहातही काल्याचा दिवस बहुधा आठवाच असतो, त्यामुळे मराठी कानाला हे नाव खटकत नाही.

इतिहास

निरनिराळ्या पंथांनी ठरावीक आठवड्यात एकत्र प्रार्थना करावी, ही कल्पना भारतालाही जुनीच आहे. लुधियाना येथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने १८५८ साली तसे जागतिक आवाहन केले आणि १८६०च्या जानेवारीत ते अनेक देशांत पाळले गेले. मात्र त्यात सहभागी झाले ते प्रॉटेस्टंट पंथच.

आजच्या सप्ताहाचा आरंभ १९०८ साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूने केला. संत पेत्राच्या आसनाचा सण (१८ जानेवारी) आणि संत पौलाच्या परिवर्तनाचा सण (२५ जानेवारी) यांमधील काळ त्याने निवडला. सर्वांनी रोमच्या छत्राखाली परत यावे, असा वॉटसनच्या प्रार्थनेचा रोख होता. तो स्वतः पुढच्याच वर्षी कॅथलिक झाला. साहजिकच इतर पंथीयांना ती प्रार्थना म्हणणे अवघड होते. ही अडचण १९३०नंतरच्या दशकात फ्रान्समधील लिआँ येथील कॅथलिक धर्मगुरू पॉल कुतुरिए याने सोडवली. ऐक्य ख्रिस्ताच्या इच्छेप्रमाणे आणि त्याला योग्य वाटेल त्या मार्गाने घडावे, एवढेच मागणे त्याने ठेवले. कोणी कोणाकडे यायचे, हा प्रश्न प्रार्थनेतून वगळला गेला आणि म्हणूनच ती सर्वांना म्हणता येऊ लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याविषयीचा आदेश काढून कॅथलिकांना इतरांसमवेत प्रार्थना करण्यास उत्तेजन दिले. १९६८पासून सप्ताहाचे साहित्य कॅथलिक चर्च व जागतिक चर्च परिषद संयुक्तपणे प्रसिद्ध करतात.

मराठी मुलुखातील पंथ

महाराष्ट्रात पंथभेद बहुतांशी बाहेरून आला व भूगोलानुसार वाटला गेला. वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक समाज आहे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत कार्यक्षेत्रे वाटून घेतली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सोलापूर ही अमेरिकन मराठी मिशनची केंद्रे होती, कोल्हापूर अमेरिकन प्रेसबिटेरियनांचे, नागपूर व जालना स्कॉटिश मिशनचे, तर नाशिक अँग्लिकनांचे. एखाद्या कुटुंबाचा पंथ कोणता, हे अनेकदा श्रद्धेपेक्षा जिल्ह्याने ठरवले. नगर आणि सोलापूर यांच्या मधे असलेल्या करमाळ्यासारख्या तालुक्यातील मनुष्य नोकरीनिमित्त नाशिकला गेला, तर तो न कळत दुसऱ्या पंथाच्या दारात उभा राही.

भेद भाषेतही उतरला. प्रॉटेस्टंट ‘बाप्तिस्मा’, ‘प्रभुभोजन’, ‘पाळक’, ‘मंडळी’ म्हणतात. कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’, ‘मिस्सा’, ‘धर्मगुरू’, ‘ख्रिस्तसभा’ हे शब्द रूढ आहेत. एकाच देवाला एकाच भाषेत हाक मारणाऱ्यांचे दोन शब्दकोश झाले. संयुक्त प्रार्थनेची पत्रिका तयार करताना पहिली अडचण अजूनही येथेच येते.

महाराष्ट्रातील पूर्वप्रयत्न

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला. परंतु एका पंथाची सर्व मते जशीच्या तशी स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. या विषयावर वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. गुरुस्थानी असलेल्या व्यक्तीशी आदर राखून किती ठाम मतभेद व्यक्त करता येतो, हे पाहण्यासाठीही तो वाचनीय आहे. केडगाव येथील त्यांचे मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाच्या अधीन नव्हते. १९०५च्या जानेवारीत त्यांनी तेथे प्रार्थनेचे गट सुरू केले. करमाळा तालुक्यातील जेऊर स्थानकातून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग याच केडगावावरून जातो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग वाढला नाही. त्यांची पदे मात्र टिकली. ‘उपासना संगीत’ या पदसंग्रहाद्वारे ती निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पोहोचली. मंडळ्या एक होण्याच्या कितीतरी आधी त्यांचे गाणे एक झाले होते.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापला. तो पुढे पुण्यास शिवाजीनगर येथे गेला. तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७२पासून कॅथलिक सेक्रेड हार्ट संघाच्या व अँग्लिकन वाँटेज संघाच्या भगिनी एकत्र राहून प्रार्थना करू लागल्या. वंदना माताजी आणि सारा ग्रँट ही या आश्रमाशी निगडित नावे होत. ज्या वाँटेज संघाशी रमाबाईंचा पंथावरून वाद झाला, त्याच संघाच्या भगिनींनी पुढे पुण्यात कॅथलिकांसह एक घर चालवावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

नागपूर, १९७०

ऐक्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाची घटना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे घडली. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशी सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या युनायटेड चर्चमार्फत त्यात आल्या. वाटाघाटी १९२९पासून चालू होत्या. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया हे मोठे चर्च अखेरच्या काही महिन्यांत बाजूला झाले.

दोन प्रश्न विशेष बिकट होते. पहिला बाप्तिस्म्याचा. बॅप्टिस्ट केवळ स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यास बाप्तिस्मा देतात; अँग्लिकन तान्ह्या बालकासही देतात. येथे दोन्ही प्रथा मान्य करून निवड आईवडिलांवर सोपवण्यात आली. दुसरा प्रश्न दीक्षेचा. बिशपने हात ठेवून दिलेली दीक्षाच पूर्ण, असे अँग्लिकन मानत. मग ज्यांना तशी दीक्षा नव्हती अशा पाळकांना पुन्हा दीक्षा द्यायची काय? तसे करणे म्हणजे त्यांची आयुष्यभराची सेवा अपुरी ठरवणे होते. १९४७ साली दक्षिण भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाने जुन्या पाळकांना आहेत तसे स्वीकारले होते. नागपूरला वेगळा मार्ग निघाला. सर्व चर्चांच्या प्रतिनिधींनी परस्परांवर हात ठेवले आणि प्रत्येकाला जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशी प्रार्थना केली. कोणाचे काय उणे आहे, हे मुद्दाम सांगितले गेले नाही. चाळीस वर्षांच्या चर्चेत न सुटलेली गाठ अशा रीतीने वाटाघाटीच्या मेजावर न सोडवता प्रार्थनेत सोडवली गेली. ही पळवाट होती, असे टीकाकार म्हणतात. परंतु कुतुरिएच्या प्रार्थनेचे तत्त्वही हेच होते.

कायद्याच्या दृष्टीने ऐक्य इतके सरळ नव्हते. गुजरातमधील ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ ठरावाने विलीनीकरण होत नाही, त्यासाठी विहित कायदेशीर प्रक्रिया पार पाडावी लागते, असा निकाल २०१३ साली लागला.

प्रार्थनेचे स्वरूप आणि मर्यादा

सप्ताहातील सभेत शास्त्रवाचन, चिंतन, पापकबुली, मध्यस्थीची प्रार्थना व सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना असते. यजमान चर्च एका पंथाचे आणि प्रवचनकार दुसऱ्या पंथाचा, अशी योजना सर्रास आढळते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या महिलांच्या जागतिक प्रार्थना दिनाचेही स्वरूप असेच आंतरपंथीय आहे.

प्रभुभोजन मात्र या सभेत बहुधा नसते. कॅथलिक नियमानुसार, अपवादात्मक प्रसंग सोडता, प्रॉटेस्टंट व्यक्तीला मिस्सामध्ये प्रसाद घेता येत नाही आणि कॅथलिकाला प्रॉटेस्टंट प्रभुभोजनात सहभागी होता येत नाही. ऐक्य पूर्ण झाल्यावरच एका ताटात बसावे, अशी ही भूमिका आहे. एका ताटात बसल्यानेच ऐक्य वाढेल, असे अनेक प्रॉटेस्टंटांचे म्हणणे. हा वाद पुस्तकी नाही. पती एका पंथाचा आणि पत्नी दुसऱ्या पंथाची असलेल्या घरात तो दर रविवारी जाणवतो. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याने होते. या सप्ताहाला काला नाही.

२०१३चा सप्ताह आणि जातीचा प्रश्न

२०१३ सालच्या सप्ताहाचे जागतिक साहित्य भारतात, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया या संघटनेच्या पुढाकाराने तयार झाले. मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातील न्याय, दया व नम्रतेविषयीचे वचन (६:८) त्यासाठी निवडले होते आणि दलित ख्रिस्ती लोकांची स्थिती हा चिंतनाचा गाभा होता. महाराष्ट्राला हा विषय जवळचा आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मातंग समाजांतून आला. पंथांची फूट परदेशातून आली असे म्हणता येते. जातीची फूट मात्र येथलीच आहे व एकाच पंथाच्या मंडळीतही ती आढळते.

अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या सवलती मिळत नाहीत. शीख व बौद्ध दलितांचा समावेश अनुक्रमे १९५६ व १९९० साली झाला. याच्या निषेधार्थ कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय चर्च परिषद १० ऑगस्ट हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशीच्या सभांना आणि मोर्चांना दोन्ही बाजूंचे लोक एकत्र येतात.