बाळाचा पहिला परदेश प्रवास: फोटोसोबत आणखी काय काय शेअर होतं?

दोन वर्षांखालचं बाळ विमानात आई-बाबांच्या मांडीवर बसून जाऊ शकतं, पण पासपोर्ट मात्र त्याला स्वतःचा लागतो. त्यामुळे पहिला दात, पहिलं पाऊल यांच्या जोडीला आता ‘पहिला पासपोर्ट’ आणि ‘पहिला बोर्डिंग पास’ असेही फोटो निघतात. फोटो जरूर काढा. फक्त शेअर करण्याआधी त्या फाइलमध्ये काय काय असतं, ते समजून घेऊया.

फोटोच्या आत काय असतं?

कॅमेरा अ‍ॅप प्रत्येक फोटोत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल अशी माहिती लिहून ठेवतं. याला एक्झिफ डेटा म्हणतात. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल, तर अक्षांश-रेखांशही त्यातच जातात. दशांश चिन्हापुढचे ४ आकडे मिळाले, तरी जागा साधारण ११ मीटरपर्यंत अचूक कळते. २५.१९७२, ५५.२७४४ हे आकडे मॅपमध्ये टाकून बघा, थेट दुबईच्या बुर्ज खलिफापाशी पोहोचाल!

‘पण तिकडे रोमिंग बंद असतं ना?’ त्याने फरक पडत नाही. जीपीएस उपग्रहांचे सिग्नल वापरतं, त्याला सिम किंवा इंटरनेट लागत नाही.

मग धोका कुठे आहे?

समजा, एकाच अल्बममध्ये घरी बॅग भरतानाचा फोटो आहे आणि पुढचा हॉटेलमधला. पहिल्यातून घराचा पत्ता कळतो, दुसऱ्यातून घरी कोणी नाही हे कळतं. बाळाचं नाव आणि चेहरा तर आधीच समोर असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, तर त्यातलं लोकेशन निघून जातं. पण आजीला फ्रेमसाठी चांगली प्रिंट काढायची म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. ईमेलने मूळ फाइल जोडली तरी तेच होतं.

बोर्डिंग पासचं काय?

त्यावरच्या बारकोडमध्ये नाव, पीएनआर आणि फ्लाइट नंबर असतो. साध्या स्कॅनर अ‍ॅपनेही तो वाचता येतो. बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर आडनाव आणि पीएनआर टाकलं की बुकिंग उघडतं. त्यामुळे नुसतं नाव झाकून उपयोग नाही.

हे करा:

१. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन लोकेशन बंद करा.

२. अँड्रॉइडवर कॅमेरा सेटिंगमध्ये लोकेशन सेव्ह करण्याचा पर्याय असतो. घरातले फोटो काढताना तो बंद ठेवा.

३. आधीच काढलेला फोटो असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. क्वालिटी थोडी कमी होते, पण मूळ लोकेशन त्यात येत नाही.

४. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बंद करून बाळाच्या हातात द्या, मग फोटो काढा. आतली माहिती फोटोत आलीच नाही, तर लपवायचा प्रश्नच नाही.

५. सार्वजनिक पोस्ट घरी परतल्यावर टाका.

लोकेशन कायमचं बंद करायची मात्र गरज नाही. बाळ मोठं झाल्यावर ‘मी इथे कधी आलो होतो?’ असं विचारेल, तेव्हा मॅपवर तो फोटो सापडायला हीच माहिती कामी येईल. ती तुमच्या फोनमध्ये राहू द्या, पाठवताना तेवढी काढून टाका.