दळण, चलन आणि मालकी : बहुखेळाडू आभासी विश्वांची अर्थ-कथनव्यवस्था

१. विषयाची मांडणी

महाकाव्य, लोककथा, कादंबरी, नाटक आणि चित्रपट या कथनप्रकारांचे परस्परसंबंध तौलनिक साहित्याभ्यासाने बारकाईने तपासले आहेत. संगणकीय खेळांकडे मात्र या अभ्यासशाखेने बराच काळ 'करमणूक' म्हणूनच पाहिले. हजारो व्यक्ती ज्यात एकाच वेळी, एकाच कल्पित जगात वावरतात त्या बहुखेळाडू भूमिकाप्रधान खेळांच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. या खेळांत कथानक असते, पण ते कोणी 'सांगत' नाही. खेळाडूंच्या श्रमांतून, देवघेवीतून आणि संभाषणातून ते घडत जाते. म्हणून खेळाची अर्थव्यवस्था ही येथे कथेची पार्श्वभूमी राहत नाही. ती कथनाच्या व्याकरणाचाच भाग होते. हे व्याकरण कसे चालते हे प्रस्तुत लेखात प्रथम स्पष्ट केले असून त्यानंतर त्यातून उद्भवणाऱ्या दोन प्रश्नांचा विचार केला आहे : या जगातील वस्तूंची मालकी कोणाची, आणि ही जगे नष्ट झाल्यावर मागे काय उरते?

उदाहरणादाखल 'रॅग्नारॉक ऑनलाइन' हा कोरियन खेळ घेतला आहे. ग्रॅव्हिटी या कंपनीने तो २००२ मध्ये सुरू केला. फिलिपाइन्समध्ये उगम पावलेल्या लेव्हल अप या कंपनीने टाइम्स समूहाच्या इंडियाटाइम्सच्या सहकार्याने त्याच दशकाच्या मध्यास तो भारतात आणला. दिल्ली, गुडगाव, नोएडा या परिसरातील सायबर कॅफेंत आणि नेहरू प्लेसच्या बाजारातून जुळवून आणलेल्या घरगुती संगणकांवर वाढलेल्या पिढीला या प्रकारच्या खेळाची ओळख ज्या थोड्या मार्गांनी झाली, त्यांपैकी हा एक होय. तो भारतीय सर्व्हर पुढे बंद पडला.

२. संहितेचा प्रवास

या खेळाची संहिता मुळातच आंतरसांस्कृतिक आहे. 'रॅग्नारॉक' म्हणजे नॉर्स पुराणांतील देवांचा अंतकाळ. आइसलँडमधील एड्डा वाङ्मयात त्याचे वर्णन येते. स्नोरी स्टुर्लुसन याची गद्य एड्डा तेराव्या शतकातील आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोरियन चित्रकथाकार ली म्युंग-जिन याने हा पुराणविषय आपल्या चित्रकथामालिकेसाठी घेतला आणि त्या मालिकेवरून खेळ तयार झाला. पुढे ज्या ज्या देशांत खेळ पोहोचला, त्यांपैकी काहींच्या धर्तीवरील नगरे त्यात वसवण्यात आली : जपानी धाटणीचे अमात्सू, चिनी धाटणीचे लोयांग, थायलंडच्या अयुथ्येवर बेतलेले 'अयोथाया'. अयुथ्या हे नाव अयोध्येवरून आलेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रवासाची गुंतागुंत लक्षात येते. वाल्मीकींच्या काव्यातील नगरनाम आग्नेय आशियातील राजधानीला मिळते, तेथून ते नॉर्स नावाच्या कोरियन खेळात शिरते आणि दिल्लीच्या खेळाडूसमोर परदेशी नगर म्हणून उभे राहते. प्रभावाभ्यासाच्या रूढ पद्धतीत 'मूळ' आणि 'स्वीकार' अशी सरळ रेषा गृहीत धरली जाते. येथे ती रेषा टिकत नाही.

३. पातळी आणि दळण

खेळाडू 'नॉव्हिस' म्हणजे नवशिका म्हणून प्रवेश करतो. राक्षस मारून त्याला अनुभवांक मिळतात. अंक साठले की त्याची पातळी चढते. मूळ रचनेत ही पातळी ९९ पर्यंत जाते. वाटेत तो तलवारबाज, जादूगार, तिरंदाज, धर्मसेवक, व्यापारी किंवा चोर यांपैकी एक वृत्ती पत्करतो आणि पुढे तिची प्रगत शाखा निवडतो. प्रत्येक पुढच्या पातळीला मागच्यापेक्षा अधिक अंक लागतात, त्यामुळे उत्तरार्धात एकच राक्षस शेकडो वेळा मारावा लागतो. मृत्यू आला की पुढच्या पातळीस लागणाऱ्या अनुभवांकांपैकी एक टक्का वजा होतो. वरच्या पातळ्यांवर तेवढाच एक टक्का कित्येक तासांच्या कष्टांइतका असतो.

या आवर्तनाला इंग्रजीभाषक खेळाडूंनी जो शब्द योजला त्याचा अर्थ शब्दशः 'दळणे' असा आहे. मराठीतही त्याच त्या गोष्टीच्या कंटाळवाण्या पुनरुक्तीला 'दळण' म्हणतात. हे साम्य केवळ शाब्दिक नाही. जात्यावरच्या दळणाने मराठीला ओव्यांचा अफाट ठेवा दिला. हात ठरावीक गतीने फिरत असताना मन आणि वाणी मोकळी राहते, आणि त्या मोकळेपणात माहेर, सासर, विठ्ठल, भाऊ आणि दुःख यांना शब्द मिळतात. रॅग्नारॉकमध्येही असे घडते. खेळातील पात्र खाली बसले की त्याची शक्ती लवकर भरून येते. त्यामुळे दर थोड्या वेळाने गटाला बसून राहावे लागते. या सक्तीच्या विसाव्यात गप्पा होतात. अनोळखी माणसे परस्परांना उपचार देतात, वाटा सांगतात, थट्टा करतात, भांडतात. संघ बांधले जातात, आणि किल्ल्यांसाठी लढल्या जाणाऱ्या संघयुद्धांची कारणे अनेकदा अशाच बैठकींत रुजतात. खेळकर्त्यांनी लिहिलेली कथा या संभाषणांच्या तुलनेत तुटपुंजी असते.

अर्थात साम्याला मर्यादा आहे. जात्यावरची स्त्री घरच्यांच्या पोटासाठी दळते आणि तिला पर्याय नसतो. खेळाडू स्वखुशीने दळतो आणि हवे तेव्हा उठून जातो. तरीही पुनरावृत्त श्रम, त्यातील लय आणि त्यातून फुटणारी वाणी हा दुवा दोन्हीकडे आहे. तो तुटतो केव्हा, हेही खेळच दाखवतो. पात्राला आपोआप चालवणारे 'बॉट' नावाचे संगणकीय कार्यक्रम रॅग्नारॉकच्या सर्व्हरांवर फोफावले. बॉट दळतो, पण बोलत नाही. नंतरच्या काळात अनेक खेळांनी पातळी पैसे देऊन वाढवण्याची सोय केली, तेव्हा दळणही गेले आणि बोलणेही गेले.

४. नळ आणि मोरी

अशा विश्वातील अर्थकारण समजण्यासाठी घरातील नळ आणि मोरी यांची कल्पना उपयोगी पडते. राक्षस मेला की तो काही वस्तू टाकतो. खेळाडू त्या संगणकचालित दुकानदाराला विकतो. दुकानदाराची तिजोरी अमर्याद असते, म्हणून प्रत्येक विक्रीबरोबर नवे चलन (रॅग्नारॉकमध्ये 'झेनी') जगात येते. हा नळ. औषधे, बाण, प्रवासाचे शुल्क यांवर केलेला खर्च जगाबाहेर जातो. ही मोरी. नळातून येणारे पाणी मोरीपेक्षा अधिक झाले की चलनवाढ होते, जुन्या खेळाडूंजवळ साठा जमतो आणि नवशिक्याला साधी ढालही परवडेनाशी होते.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'च्या कर्त्यांनी प्रथम याच्या उलट प्रयोग केला. जगातील साधनसंपत्तीचे प्रमाण त्यांनी ठरवून दिले. एखादी वस्तू वापरली गेली की तेवढेच द्रव्य निसर्गात परत जावे अशी योजना होती. पण खेळाडूंनी वस्तू वापरण्याऐवजी साठवल्या, द्रव्याचे चक्र थांबले आणि अखेर नळ-मोरीच्या पद्धतीकडेच वळावे लागले. साठेबाजी ही मानवी सवय कल्पित जगातही तितकीच बळकट असते.

रॅग्नारॉकची सर्वांत लक्षणीय मोरी म्हणजे शस्त्रे-चिलखते घडवण्याची प्रक्रिया. चिलखत चौथ्या टप्प्यापर्यंत निर्धोकपणे बळकट करता येते. त्यापुढे प्रत्येक प्रयत्नात ते कायमचे नष्ट होण्याचा धोका असतो. महिन्यांची कमाई एका ठोक्यात जाते आणि ती जावी अशीच व्यवस्थेची गरज असते. दुसरीकडे राक्षसांकडून मिळणारी दुर्मीळ पत्रे साधारणतः दहा हजारांत एक या प्रमाणात हाती लागतात. त्यामुळे त्यांच्या किमती खेळकर्ते ठरवत नाहीत, बाजार ठरवतो.

हा बाजार खरोखरच रस्त्यावर भरतो. व्यापारी वृत्तीचे पात्र हातगाडीत माल भरून दुकान मांडू शकते. कौशल्य पूर्ण वाढवलेला व्यापारी दुकानदाराकडून २४ टक्के स्वस्त घेतो आणि त्याला २४ टक्के चढ्या भावाने विकतो. सर्व्हरचा घाऊक व्यवहार अशा पात्रांकडे आपोआप वळतो. प्रोन्तेरा या राजधानीचे रस्ते अशा दुकानांनी फुलून जात. दुकान चालू ठेवायचे तर पात्र जगात हजर असावे लागे, म्हणजेच संगणक चालू असावा लागे. तासावर पैसे मोजणाऱ्या कॅफेतल्या खेळाडूला रात्रभर दुकान उघडे ठेवणे परवडणे अवघड. ज्याच्या घरी संगणक आणि अखंड वीज, त्याला ते सहज शक्य. बाहेरच्या जगातील विषमता अशा रीतीने आतल्या जगात पोहोचते.

५. आतले चलन, बाहेरचे चलन

हे अर्थकारण बाहेरच्या अर्थकारणाशी जोडलेले असल्याचे एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये दाखवून दिले. 'एव्हरक्वेस्ट' खेळातील नोराथ या जगाचे दरडोई उत्पन्न त्याने काढले. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान येत होते. तेथील श्रमांचा ताशी मोबदला ३.४२ डॉलर होता. यानंतर पैशासाठी खेळातले चलन कमावणाऱ्या मजुरांचा व्यवसाय उघडपणे चर्चेत आला. रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये अशा मजुरांची संख्या सुमारे चार लाख असल्याचा अंदाज मांडला; त्यांतील बहुसंख्य चीनमध्ये होते.

या वास्तवाने साहित्यालाही विषय दिला. कॉरी डॉक्टरो यांच्या 'फॉर द विन' (२०१०) या कादंबरीत मुंबईतील धारावीची माला ही मुलगी एका दलालासाठी खेळाडूंची फौज चालवते, आणि चीन, सिंगापूर, अमेरिका येथील खेळमजूर संघटित होऊ पाहतात. धारावीला दारिद्र्याचे प्रतीक म्हणून वापरणारे लेखन विपुल आहे. येथे धारावी जागतिक श्रमबाजारातील एक कार्यस्थळ म्हणून येते, ही दृष्टी तौलनिक वाचनाला महत्त्वाची आहे.

६. मालकीचा प्रश्न

कमावलेली तलवार कोणाची? कंपन्यांचे करारनामे सांगतात की खेळाडूला फक्त वापराची परवानगी आहे. २००३ मध्ये बीजिंगच्या एका न्यायालयाने मात्र चोरीला गेलेल्या आभासी वस्तू खेळाडूला परत मिळवून देण्याचा आदेश कंपनीला दिला. भारतात २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घातली. त्यात 'पण' या संकल्पनेची व्याप्ती बरीच मोठी ठेवली आहे : पैशाशी समतुल्य असलेली किंवा पैशात रूपांतरित होणारी नाणी, टोकन, वस्तू यांचाही त्यात समावेश होतो. करमणुकीचे सामाजिक खेळ या बंदीत येत नाहीत. पण आतले चलन बाहेर विकले जात असेल तर करमणूक कोठे संपते आणि पण कोठे सुरू होतो, ही सीमा आखणे सोपे नाही.

हा प्रश्न याच भूमीवर पूर्वी एकदा विचारला गेला आहे. परंपरेने दिल्लीच्या पुराना किल्ल्याशी जोडले जाणारे इंद्रप्रस्थ आणि मेरठ जिल्ह्यातील हस्तिनापूर ही दोन्ही स्थळे आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात. सभापर्वातील द्यूतात युधिष्ठिर धन, राज्य, भाऊ आणि स्वतःला हरून नंतर द्रौपदीला पणाला लावतो. जो स्वतःचाच उरला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कसा, असे द्रौपदी विचारते. सभेला उत्तर देता येत नाही. खेळाच्या आत शिरताना खेळाडू कोणते स्वामित्व गमावतो आणि कोणते राखतो, या आधुनिक वादाची तार्किक रचना या प्रश्नाहून फार वेगळी नाही.

रॅग्नारॉकमध्ये या संदर्भात एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. ९९ व्या पातळीवर पोहोचलेल्या पात्राला पुनर्जन्म घेता येतो. त्यासाठी १२,८५,००० झेनी दान करावे लागतात आणि व्हॅल्किरीसमोर उभे राहताना अंगावर कसलाही माल ठेवता येत नाही. त्यानंतर पात्र पहिल्या पातळीवर, परंतु वाढीव सामर्थ्याने जन्मते. नॉर्स वल्हालात निवडलेला वीर अंतिम युद्धाची वाट पाहत राहतो. येथे वल्हाला पुन्हा दळणाकडे पाठवते. भारतीय वाचकाला यात कर्म आणि जन्मांतर दिसणे स्वाभाविक आहे. मात्र येथे त्याग मुक्तीसाठी नसून अधिक संचयासाठी आहे, हा भेद नजरेआड करता कामा नये. ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात सोपानाचा शेवट खेळाबाहेर नेतो. रॅग्नारॉकचा सोपान खेळातच परत आणतो.

७. सर्व्हर बंद झाल्यावर

सर्व्हर बंद होतो तेव्हा नियम टिकतात. हौशी मंडळींनी खेळाची यंत्रणा पुन्हा रचून खाजगी सर्व्हर उभे केले आहेत. तेथे तेच राक्षस, तीच नगरे, तेच भाव-सूत्र आढळते. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर भाषाव्यवस्था उरते, पण भाषिक उच्चार उरत नाहीत. कोणत्या संघाने कोणता किल्ला घेतला, कोणत्या पत्राला कोणत्या आठवड्यात काय भाव आला, विसाव्याच्या वेळी दिल्लीचा खेळाडू चेन्नईच्या खेळाडूशी हिंदीत, इंग्रजीत की रोमन लिपीतल्या मिश्र भाषेत बोलला, हे सारे खेळाच्या यंत्रणेतून परत मिळत नाही.

जात्यावरच्या ओव्याही अशाच लोपल्या असत्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली. पण हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या गायिकांची नावे व गावे यांसह नोंदल्या गेल्या, आणि पुढे 'पारी'च्या संग्रहातून त्या वाचकांपर्यंत पोहोचल्या. ओवीच्या सोबत ती गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले गेले, म्हणून आज तिचा अभ्यास करता येतो.

भारतीय सर्व्हरांवर दळलेली पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे आणि तिची स्मृती अजून शाबूत आहे. या व्यक्तींच्या मुलाखती, जुन्या संगणकांत उरलेली चित्रे, संघांच्या नोंदवह्या आणि भावांच्या याद्या यांचे संकलन हे तौलनिक साहित्याच्या विभागांना झेपणारे काम आहे. ते झाले नाही तर या विश्वांतून उरतील ती फक्त कंपन्यांनी लिहिलेली कथानके, म्हणजे त्यांतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग.